पहिली झोप, मधला तास आणि साखरझोप : रात्री दोन टप्प्यांत झोपणाऱ्यांसाठी आणि झोप न लागणाऱ्यांसाठी

रात्री दीड-दोनच्या सुमारास जाग येते, मग तास-दीड तास डोळ्याला डोळा लागत नाही, आणि पहाटे उठायची वेळ जवळ आली की मात्र अशी गाढ झोप लागते की गजरही ऐकू येत नाही. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या किती तरी जणांची ही तक्रार असते. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापासून जवळजवळ तीन वर्षे याच तक्रारीने हैराण झाले होते. त्या काळात मी पुष्कळ चुकीचे उपाय केले आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडे बरोबर उपाय केले. ते नेमके कोणत्या क्रमाने करावेत हे सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मध्यरात्री जाग येणे आणि निद्रानाश होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपले यातले काय आहे हे ठरवल्याशिवाय केलेला उपाय बहुधा वाया जातो, आणि कधी कधी साध्या जाग येण्याचे रूपांतर निद्रानाशात करतो. माझे तेच झाले होते.

मध्ये जाग येते तरी का

माझ्या सासूबाई पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावी असत. दिवेलागणीनंतर जेवण उरकून आठ-साडेआठला त्या आडव्या होत, मध्यरात्री केव्हा तरी उठून गोठ्यात म्हशीपुढे वैरण टाकून येत आणि पुन्हा झोपत, ते पहाटेच्या धारेलाच उठत. माझी झोप उडते हे त्यांना सांगितले तेव्हा त्यांना त्यात काही विशेष वाटले नाही. "अगं, पयली झोप झाली की म्हशीकडं बघून यायचं आन् परत आडवं व्हायचं. त्यात काय हुतंय?" असे त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात 'पयली झोप' हा शब्द इतका सहज होता की, दुसरी झोपही असतेच, हे त्यांनी वेगळे सांगितले नाही. मराठीत पहाटेच्या त्या झोपेला साखरझोप असे स्वतंत्र नाव आहेच.

युरोपातही हीच शब्दयोजना होती. रॉजर एकर्च या अमेरिकी इतिहासकाराने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात जुन्या न्यायालयीन जबान्या, रोजनिश्या आणि साहित्य यांतून 'पहिली झोप' आणि 'दुसरी झोप' यांचे शेकडो उल्लेख पुढे आणले. लोक मध्ये उठून प्रार्थना करत, चुलीतला विस्तव बघत, गप्पा मारत आणि पुन्हा झोपत. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, टॉमस वेर या मानसोपचार संशोधकाने काही निरोगी माणसांना महिनाभर रोज १४ तास अंधारात ठेवून पाहिले होते. काही आठवड्यांनी त्यांची झोप आपोआप साधारण चार-चार तासांच्या दोन तुकड्यांत वाटली गेली, आणि मध्ये एक ते तीन तासांची शांत जाग येऊ लागली.

हे वाचून पुष्कळांचा असा समज होतो की दोन टप्प्यांची झोप हीच निसर्गाची मूळ रीत आहे आणि सलग झोप ही विजेच्या दिव्याने लादलेली आहे. तसे म्हणता येत नाही. २०१५ साली टांझानियातील हादझा, नामिबियातील सान आणि बोलिव्हियातील त्सिमाने या विजेविना राहणाऱ्या समाजांची झोप मनगटावरच्या यंत्रांनी मोजली गेली, तेव्हा ते लोक बहुतांशी सलगच झोपत असल्याचे दिसले. ते सूर्यास्तानंतर लगेच झोपतही नव्हते, तीन-साडेतीन तासांनी झोपत होते. माझ्या मते फरक रात्रीच्या लांबीत आहे. उत्तर युरोपात हिवाळ्यातली रात्र १६ तासांची होते. कोल्हापुरात डिसेंबरातली सगळ्यांत मोठी रात्र जेमतेम १३ तासांची, आणि जूनमधली ११ तासांहूनही थोडी कमी. जो माणूस लवकर अंथरुणावर जातो आणि झोपेच्या गरजेपेक्षा अधिक वेळ अंधारात पडून राहतो, त्याची झोप मध्ये उसवते. हा साधा हिशेब पुढच्या सगळ्या उपायांच्या मुळाशी आहे, म्हणून तो लक्षात ठेवावा.

दुसरे कारण झोपेच्या घडणीत आहे. आपली झोप सुमारे ९० मिनिटांच्या आवर्तनांनी चालते आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी क्षणभर जाग येणे हे निरोगी माणसातही घडते; फक्त ती जाग सकाळी आठवत नाही. गाढ झोपेचा बराचसा वाटा पहिल्या दोन-तीन आवर्तनांत पुरा होतो, आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे अधिक असते. दिवसभर जागे राहिल्याने मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि त्यातून झोपेची भूक तयार होते. पहिल्या तीन-चार तासांत ती भूक बरीचशी भागलेली असते. त्यामुळे दीड-दोनला आलेली जाग ही भरल्या पोटी माणसाने पानावरून थोडा वेळ उठावे तशी असते. तिथे घाबरण्यासारखे काही नसते. वयानुसार गाढ झोप कमी होत जाते आणि असे मध्येच जाग येणे वाढते.

मग निद्रानाश केव्हा म्हणायचा? झोपेला पुरेशी संधी आणि शांत जागा असूनही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप लागत नसेल, टिकत नसेल किंवा फार लवकर मोडत असेल, त्यामुळे दिवसा थकवा, चिडचिड किंवा कामात चुका होत असतील, आणि हे तीन महिने चालले असेल, तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. यातला दिवसाचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. सासूबाईंना रात्री तासभर जाग असे, पण दिवसभर त्या ताज्यातवान्या असत. मला तेवढीच जाग असे, आणि दुपारी पतसंस्थेत रकान्यातली बेरीज तीनदा करावी लागे.

पहिली पायरी : दोन आठवड्यांची वही

कोणताही उपाय सुरू करण्याआधी १४ दिवस झोपेची वही ठेवावी. साधी रेघांची वही पुरते. रोज सकाळी चहा होईपर्यंतच्या वेळात आदल्या रात्रीबद्दल पाच गोष्टी लिहाव्यात: अंथरुणावर किती वाजता गेलो, झोप लागायला अंदाजे किती वेळ लागला, मध्ये एकूण किती वेळ जागे होतो, शेवटची जाग किती वाजता आली आणि अंथरूण किती वाजता सोडले. संध्याकाळी आणखी दोन ओळी लिहाव्यात: दुपारी किती वेळ झोपलो आणि चहा-कॉफी किती वाजता घेतली. दिवस कसा गेला याला दहापैकी गुण द्यावेत.

हे सगळे अंदाजाने लिहायचे आहे. रात्री घड्याळ पाहायचे नाही. मी पहिल्या रात्री मिनिटामिनिटांची नोंद करू लागले आणि त्या नोंदीनेच माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी आमच्या यजमानांनी भिंतीवरचे घड्याळ काढून सोप्यात नेऊन लावले आणि माझा मोबाइल स्वयंपाकघरात ठेवला. घड्याळ दिसले की मन लगेच वजाबाकी करू लागते: आता अडीच वाजले, साडेपाचला उठायचे, म्हणजे उरले तीन तास. या वजाबाकीने जेवढी झोप मोडते तेवढी गल्लीतल्या कुत्र्यांनीही मोडत नाही. मनगटावरच्या झोपमोजणी पट्ट्यांबद्दलही माझे हेच म्हणणे आहे. निदान हे दोन आठवडे त्या काढून ठेवाव्यात.

चौदा दिवसांनी हिशेब करावा. समजा, आपण रात्री १० ला अंथरुणावर जातो आणि सकाळी साडेसहाला उठतो, म्हणजे अंथरुणात साडेआठ तास असतो. आणि वहीप्रमाणे प्रत्यक्ष झोप सरासरी पावणेसहा तासांची होते. ३४५ मिनिटांना ५१० मिनिटांनी भागले तर सुमारे ६८ टक्के येतात. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्के किंवा अधिक वेळ झोपेत जात असेल तर ते ठीक समजतात. हा आकडा आणि दिवसाचे गुण हे दोन्ही हाती आल्यावरच पुढचा रस्ता निवडायचा.

दुसरी पायरी : डॉक्टरांकडे काय तपासून घ्यावे

ही पायरी मी सुरुवातीला गाळली आणि वर्षभर वाया घालवले. मध्यरात्रीच्या जागेमागे शरीराचे कारण असेल तर वही, वेळापत्रक आणि निर्धार यांचा काहीही उपयोग होत नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा गुदमरून उठणे, सकाळी डोके जड असणे आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे ही झोपेतील श्वासरोधाची लक्षणे आहेत. घोरणे आपल्याला स्वतःला कळत नाही, म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाला विचारावे. रात्री पोटऱ्यांत विलक्षण अस्वस्थता येऊन पाय सतत हलवावेसे वाटत असतील तर शरीरातील लोहाची तपासणी करावी; मासिक पाळीत रक्त जास्त जाणाऱ्या स्त्रियांत हे कारण वारंवार सापडते. दोन-तीनदा लघवीला उठावे लागत असेल तर साखर तपासावी, पुरुषांनी प्रोस्टेटबद्दल विचारावे, आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असल्यास ती सकाळी घेता येईल का हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने वेळ बदलू नये. थायरॉइड वाढलेले असेल, पित्त किंवा आम्ल वर येत असेल, दमा असेल, तरी झोप तुटते.

स्त्रियांत पाळी जाण्याच्या काळात अंगातून वाफा निघून घामाने जाग येते. माझ्या बाबतीत सुरुवात यानेच झाली होती आणि मी तिला 'टेन्शन' म्हणत राहिले. यावर उपचार आहेत; स्त्रीरोगतज्ज्ञांना न लाजता सांगावे.

आणि मनाचे कारण. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, त्याच वेळी मन सगळ्यांत अधिक खिन्न असेल, आवडीच्या गोष्टीतही रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयात जाता येते, आणि सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रीही उपलब्ध असते. जगणे नकोसे वाटत असेल तर सकाळची वाट पाहू नये, घरातल्या माणसाला तिथेच उठवावे.

तिसरी पायरी : दोनपैकी एक रस्ता निवडणे

एकूण झोप सात तासांच्या आसपास होत असेल, दिवसाचे गुण चांगले असतील आणि तक्रार फक्त 'मध्ये जाग येते' एवढीच असेल, तर झोप मोडलेली नाही. ती दोन टप्प्यांत होत आहे. अशांनी ती तशीच स्वीकारून नीट बसवावी. एकूण झोप कमी पडत असेल, टक्केवारी ८५ च्या खाली असेल आणि दिवस वाईट जात असेल, तर मात्र झोप एकत्र आणण्याचा रस्ता धरावा. दोन्ही रस्ते एकाच वेळी धरू नयेत. आज मधली जाग आनंदाने स्वीकारायची आणि उद्या तिच्याशी झगडायचे, असे केल्याने शरीराला कोणतीच सवय लागत नाही.

नोकरीच्या वेळा कडक असणाऱ्यांनी, लहान मुले असणाऱ्यांनी आणि रात्री आठ-नऊला झोपणे शक्य नसणाऱ्यांनी मुद्दाम दोन टप्प्यांची झोप सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला अंधाराचे साडेआठ-नऊ तास लागतात. रात्री अकराला झोपून, दोनला उठून, पुन्हा तीन ते साडेपाच झोपणे ही अपुरी झोप आहे. तिला जुन्या काळाचे नाव दिल्याने ती पुरी होत नाही. प्रौढ माणसाला रोज सात तास किंवा अधिक झोप हवी, हे दोन्ही रस्त्यांना सारखेच लागू आहे.

दोन टप्पे बसवण्याची रीत

नमुन्याचे वेळापत्रक असे धरता येईल: जेवण साडेसातच्या आत, सव्वानऊला अंथरुणावर, साधारण एकपर्यंत पहिली झोप, मग तासाभराची जाग, दोनपासून पावणेसहापर्यंत साखरझोप. यातली फक्त एकच वेळ लोखंडासारखी पक्की ठेवायची, ती म्हणजे सकाळी उठण्याची. मधली जाग केव्हा येईल हे शरीरावर सोपवावे. तिच्यासाठी गजर लावू नये. जाग आलीच नाही तर त्यात वाईट काही नाही, झोपू द्यावे.

मधल्या तासात काय करायचे हा प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही, कारण हा तास बिघडला की रात्र बिघडते. पहिला नियम उजेडाचा. डोळ्यांवर तेजस्वी पांढरा उजेड पडला की रात्री स्रवणारे मेलाटोनिन हे झोपेचे संप्रेरक घटते आणि शरीराचे घड्याळ दिवस समजू लागते. म्हणून ट्यूबलाइट लावू नये. सोप्यात किंवा माजघरात खाली, कोपऱ्यात, पिवळा झिरोचा बल्ब असावा. मोबाइल हातात घेऊ नये. उजेडापेक्षाही त्यातला मजकूर अधिक घातक असतो, कारण एक निरोप वाचला की मन दिवसात जाते. दुसरा नियम कामाचा. काम असे हवे की ते अर्धवट टाकून उठताना काही वाटू नये आणि पुरे करण्याची घाईही होऊ नये. हिशेब, कार्यालयाचे काम, भांडणाचे विषय, उद्याची यादी हे सर्व वर्ज्य.

मी वाती वळते. कापसाचा पेळू मांडीवर घ्यायचा, बोटांना चिमूटभर भस्म लावायचे, दोन बोटांच्या पेरांएवढा कापूस ओढून तळव्यावर हलकेच फिरवायचा. सरकीचा बारीक कण राहिला असेल तर वात तिथे फुगते आणि बोटाला कळते. तो नखाने काढायचा आणि पुन्हा फिरवायचे. झिरोच्या दिव्यात हे डोळ्यांनी करताच येत नाही, बोटांनीच करावे लागते, आणि त्यामुळेच मन बोटांपाशी राहते. वाती मोजायच्या नाहीत. पंधरा-वीस झाल्या की पापण्या जड होतात. यजमानांना हे जमत नाही. ते जाग आली तर खिडकीपाशी बसून जप करतात. कोणी जुने, अनेकदा वाचलेले पुस्तक वाचते. भूक लागल्याशिवाय खाऊ नये. रोज मध्यरात्री खाल्ले की पोटाला ती सवय लागते आणि मग पोटच उठवते.

झोप येऊ लागली की लगेच अंथरुणावर जावे, 'एवढे पूर्ण करते' असे म्हणू नये. जागेचा वेळ सतत दीड तासाच्या पुढे जाऊ लागला तर रात्री झोपायची वेळ अर्ध्या तासाने पुढे ढकलावी. अंधाराचे तास गरजेपेक्षा जास्त झाले आहेत, असा त्याचा अर्थ.

झोप एकत्र आणण्याची रीत

निद्रानाश झालेला माणूस स्वाभाविकपणे काय करतो? कालची झोप राहिली म्हणून आज नऊलाच आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी दोन तास झोपतो. यातून झोपेची भूक मरते, म्हणून रात्री पुन्हा झोप येत नाही. आर्थर स्पीलमन या मानसशास्त्रज्ञाने १९८७ साली याच्या बरोबर उलट उपाय मांडला: अंथरुणातला वेळच कमी करायचा. त्याआधी १९७२ साली रिचर्ड बूटझिन याने अंथरूण आणि झोप यांचे तुटलेले नाते पुन्हा जोडण्याचे नियम दिले होते. हे दोन उपाय आणि विचारांना वळण देण्याचे तंत्र मिळून जी उपचारपद्धती झाली, ती जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी वापरावी, अशी शिफारस अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली केली. शक्य असेल तर ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावी. ज्यांना फिट्स येतात, ज्यांना मनाच्या तेजी-मंदीचा आजार आहे, ज्यांना झोपेत श्वासरोध होतो, जे ट्रक किंवा एसटी चालवतात, ओतशाळेत भट्टीपाशी किंवा यंत्रावर काम करतात, त्यांनी पुढचा भाग डॉक्टरांशिवाय करूच नये, कारण पहिले दोन आठवडे दिवसा खरोखर झोप अनावर होते.

वरच्या उदाहरणातल्या माणसाची प्रत्यक्ष झोप पावणेसहा तासांची आहे. त्याने अंथरुणासाठी सहा तासांची मुदत धरावी. उठण्याची वेळ आधी ठरवायची, समजा साडेपाच. तिथून मागे मोजले की झोपण्याची वेळ साडेअकरा येते. वहीतली झोप कितीही कमी असली तरी ही मुदत पाच तासांच्या खाली नेऊ नये. मी तर साडेपाचच्या खाली कोणाला जाऊ देणार नाही. साडेअकराच्या आधी अंथरुणाला पाठ टेकू द्यायची नाही. साडेदहाला सोफ्यावर बसून टीव्ही पाहताना लागलेली डुलकी म्हणजे रात्रीच्या जेवणाआधी खाल्लेला वडापाव. त्या तासात मी उभ्याने करायची कामे ठेवली: कपड्यांच्या घड्या, ओट्याची पुसापुशी, सकाळच्या भाजीची निवडटिपण.

अंथरुणावर गेल्यावर किंवा मध्यरात्री जाग आल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटे झाली, किंवा मनाची चिडचिड सुरू झाली असे वाटले, की उठून दुसऱ्या खोलीत जायचे आणि झोप येईल तेव्हाच परतायचे. रात्रीतून चारदा उठावे लागले तरी चारदा उठायचे. घर एका खोलीचे असेल तर अंथरुणाशेजारी भिंतीला टेकून खुर्चीवर किंवा पाटावर बसावे. मुद्दा अंथरूण सोडण्याचा आहे. अंथरुणात जागे राहून कूस बदलण्याचे जेवढे तास साठतात, तेवढे अंथरूण म्हणजे जागरणाची जागा असे मेंदू शिकतो. म्हणूनच अशा माणसाला सोप्यात पेंग येते आणि गादीवर पडताच टक्क जाग येते. या नियमाचा कंटाळा येतो, थंडीत तर फारच येतो, आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात. पायाशी शाल आणि चपला तयार ठेवाव्यात, एवढ्यानेही उठणे सोपे होते.

सात दिवसांनी पुन्हा हिशेब करायचा. सहा तासांत पाच तास वीस मिनिटे झोप झाली, म्हणजे ८९ टक्के झाले. टक्केवारी ८५ च्या पुढे गेली की झोपण्याची वेळ १५ मिनिटांनी अलीकडे आणायची, म्हणजे सव्वाअकरा. ती ८० च्या खाली राहिली तर १५ मिनिटे आणखी कमी करायची, मधे असेल तर आठवडाभर तसेच ठेवायचे. असे आठवड्याला पाव तास वाढवत गेले की दीड-दोन महिन्यांत झोप पुरेशी लांब होते. माझी गाडी सहाव्या आठवड्यापर्यंत सहा तास चाळीस मिनिटांवर आली. तिसरा आठवडा सर्वांत कठीण गेला. एकाही रात्री झोप सुधारल्यासारखी वाटत नव्हती, पण वहीतली सरासरी मात्र हळूहळू चढत होती, आणि केवळ त्या आकड्यांवर विश्वास ठेवून मी पुढे गेले.

मन शांत करण्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडली ती संध्याकाळची पंधरा मिनिटे. सातच्या सुमारास, दिवा लावून झाला की, जी काळजी रात्री उठवते ती कागदावर लिहायची आणि तिच्यापुढे उद्या करायची एकच लहान कृती लिहायची. मुलीची फी, भावाचे ऑपरेशन, घराच्या वाटणीची तारीख, काहीही असो. रात्री दोनला तीच काळजी आली की तिला सांगता येते की तुझी नोंद झाली आहे. रात्री दोनला घेतलेला कोणताही निर्णय मी सकाळी दहापर्यंत पक्का धरत नाही, आणि आजवर त्यात नुकसान झाले नाही.

दिवसातल्या चार गोष्टी

चहा हा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित गुन्हेगार आहे. कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवून झोपेची भूक लपवते, आणि पोटात गेलेल्यातले निम्मे पाच-सहा तासांनीही अंगात असते. दुकानात आलेल्या प्रत्येक माणसाबरोबर अर्धा-अर्धा कप घेणाऱ्याला दिवसाचे पाच-सहा कप कसे होतात ते कळतही नाही. दुपारी दोननंतर चहा बंद करून दोन आठवडे पाहावे. तंबाखू आणि मिश्रीतले निकोटिनही झोप उडवते. मध्यरात्री उठून मिश्री लावणे तर पूर्ण टाळावे. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री हमखास तुटते.

रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा दुपारच्या पंगतीला हलवावा. रात्री दहाला मटण आणि भाकरी खाऊन अकराला झोपणाऱ्याला दोनला जळजळीने जाग आली, तर त्याला निद्रानाश म्हणता येणार नाही. जेवण आणि झोप यांत तीन तास, पाणी आणि झोप यांत दोन तास असावेत.

वामकुक्षी ही डाव्या कुशीवर थोडा वेळ टेकणे एवढीच आहे. ती वीस मिनिटांची आणि तीनच्या आत असावी. झोप एकत्र आणण्याच्या काळात तीही बंद ठेवावी. आणि सकाळी उठल्यावर अर्ध्या तासात उघड्यावर जावे. रंकाळ्याला एक फेरी जमली तर उत्तम, नाही तर गच्चीत कपडे वाळत घालतानाचा उजेडही चालतो. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ रोज जुळते, आणि रात्रीची झोप कधी येणार हे त्यावर ठरते.

पाण्याची पाळी, रात्रपाळी आणि तालीम

काही जणांची झोप कामामुळेच दोन टप्प्यांत वाटलेली असते. उसाला पाणी पाजायला रात्रीच्या विजेवर मोटार चालू करावी लागते, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रात्रपाळी असते. आमच्या गल्लीच्या टोकाच्या तालमीत साडेचारला दिवा लागतो आणि जोर-बैठकांचा आवाज सुरू होतो. ती पोरे रात्री नऊला झोपतात आणि दुपारी जेवणानंतर दोन तास पुन्हा झोपतात. पैलवानांची दुपारची झोप त्यांच्या मेहनतीचा भाग आहे, तिला वरचा वीस मिनिटांचा नियम लावू नये.

पाळी बदलत असणाऱ्यांनी रोजच्या झोपेतले चार तास तरी, पाळी कोणतीही असो, त्याच त्याच वेळी येतील असे पाहावे, आणि उरलेले तीन तास सोयीने घ्यावेत. उदाहरणार्थ, रात्रीच्या पाण्याच्या आठवड्यात पहाटे चारला परतणारा शेतकरी चार ते आठ झोपेल आणि दुपारी उरलेली झोप घेईल. दिवसाच्या पाण्याच्या आठवड्यात तो रात्री एकला झोपून आठला उठेल. म्हणजे चार ते आठ ही वेळ दोन्ही आठवड्यांत झोपेचीच राहते. घरच्यांना याची कल्पना द्यावी, खिडकीला जाड चादर लावावी. बांधावर सलग जागे राहून मोटार आणि वीज हाताळणे धोक्याचे असते, म्हणून रात्री पाण्यावर जाण्याआधी तास-दीड तास झोप काढावी.

गोळ्यांविषयी

मला एका ओळखीच्या बाईंनी त्यांच्या पाकिटातली एक गोळी दिली होती. झोप लागली, पण दुसऱ्या दिवशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकला आणि मनगट मुरगळले. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांसारख्या गोळ्या डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिल्या तर त्या जरूर घ्याव्यात. दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नये. या गोळ्यांची सवय लागते, वृद्धांत तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि दारूबरोबर घेतल्यास जिवावर बेतू शकते. ज्यांना अनेक महिन्यांपासून त्या चालू आहेत त्यांनी हा लेख वाचून त्या एकदम बंद करू नयेत. अचानक थांबवल्यास झोप पूर्ण उडते, हातपाय थरथरतात, फिटही येऊ शकते. डॉक्टर मात्रा थोडी थोडी उतरवत नेतात, आणि त्या काळात वर सांगितलेले वेळापत्रक चालू असेल तर ती उतरवणे सोपे जाते.

बसलेली घडी विस्कटली तर

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे येतात, गणपतीत रात्री बाराला आरत्या संपतात, लग्नसराईत जागरण होते. दोन-तीन रात्री बिघडल्या म्हणून आजार परत आला असे समजू नये. जागरणाच्या दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळीच उठावे, दुपारी वीस मिनिटांपेक्षा जास्त झोपू नये आणि रात्री नेहमीच्या वेळेआधी अंथरुणावर जाऊ नये. बहुधा तिसऱ्या रात्रीपर्यंत घडी बसते. आठवडाभरात ती बसली नाही तर वही पुन्हा काढावी आणि सहा तासांच्या मुदतीपासून पुन्हा सुरुवात करावी. माझी वही आता कपाटात असते. मागच्या दिवाळीनंतर ती एकदा नऊ दिवसांसाठी काढावी लागली, आणि त्या नऊ रात्रींत वळलेल्या वाती त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर लावण्यासाठी पुरल्या.